एकच रुग्ण, दोन पेपर: दुर्मीळ आजाराच्या संशोधनातील दुहेरी मोजणीचे प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून या प्रकरणात वय, लिंग आणि कुटुंबाचे तपशील एकतर गाळले आहेत किंवा बदलले आहेत. प्रयोगशाळेतले आकडेही थोडे सरकवले आहेत. प्रत्यक्षात सापडलेल्या उत्परिवर्तनाच्या जागी त्याच जनुकातले एक सर्वपरिचित उत्परिवर्तन उदाहरणादाखल घेतले आहे. गणित आणि घटनाक्रम मात्र जसेच्या तसे आहेत. काय बदलले हे आधीच सांगून टाकण्याला कारण आहे, ते पुढे येईल.

पार्श्वभूमी

या प्रकरणातले संशोधक एक न्यूरॉलॉजिस्ट आहेत आणि मेंदूवर परिणाम करणाऱ्या चयापचय विकारांवर बरीच वर्षे लिहीत आले आहेत. त्यांच्या प्रकाशनांत एकेका रुग्णाचे केस रिपोर्ट आहेत, रुग्णमालिका आहेत आणि इतर केंद्रांसोबत केलेले अभ्यासही आहेत. प्रश्न उभा राहिला तो सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस, म्हणजे सीटीएक्स, या आजारावरच्या दोन पेपरमुळे.

हा आजार व्हॅन बोगार्ट आणि सहकाऱ्यांनी १९३७ साली वर्णन केला. रुग्णांच्या ऊतींमध्ये कोलेस्टॅनॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखा एक पदार्थ, साठतो हे १९६८ साली कळले आणि जनुकातला दोष १९९१ साली हाती लागला. सीवायपी२७ए१ हे जनुक यकृतात पित्ताम्ले बनवण्यासाठी लागणारे एक एन्झाइम तयार करते. ते बिघडले की चेनोडिऑक्सिकोलिक आम्ल नावाचे पित्ताम्ल पुरेसे बनत नाही. हेच आम्ल एरवी पित्ताम्लनिर्मितीच्या पहिल्या पायरीला लगाम घालत असते. लगाम सुटल्यावर मधले पदार्थ बेसुमार तयार होतात आणि त्यांतून बनणारे कोलेस्टॅनॉल डोळ्याच्या भिंगात, कंडरांमध्ये आणि मेंदूत साठत जाते.

लक्षणे साधारण एका क्रमाने येतात, पण प्रत्येक लक्षणाचा डॉक्टर वेगळा असतो. लहानपणी न थांबणारे जुलाब बालरोगतज्ज्ञाकडे नेतात आणि शाळकरी वयातला मोतीबिंदू नेत्रतज्ज्ञाकडे. घोट्यामागच्या कंडरेवरची गाठ अस्थिरोगतज्ज्ञ बघतो. चालताना तोल जाऊ लागला, पाय ताठ होऊ लागले, बुद्धी मंदावू लागली की मगच रुग्ण न्यूरॉलॉजीत पोचतो. उपचार म्हणजे कमी पडणारे आम्लच तोंडाने देणे. मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस २५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असतो आणि सोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. मेंदूचे नुकसान होण्यापूर्वी औषध सुरू झाले तर फायदा मोठा होतो. उशीर झाल्यावर किती फायदा होतो, याचे उत्तर मात्र जगभर विखुरलेल्या छोट्या-छोट्या पेपरांतल्या एकेका रुग्णावरच उभे आहे.

दोन पेपर असे होते. पहिला, ज्याला इथे 'अ' म्हणू, न्यूरॉलॉजीच्या नियतकालिकातला केस रिपोर्ट. रुग्ण एक आणि उपचारानंतरचा पाठपुरावा सहा महिन्यांचा. तो एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरने लिहिला होता आणि संशोधकांचे नाव शेवटी होते. दुसरा, 'ब', चयापचय विकारांच्या नियतकालिकातली सात रुग्णांची मालिका. ती चयापचय विभागाने लिहिली आणि त्यात संशोधक मधले सहलेखक होते. 'ब' छापून आला तेव्हा 'अ'ला तीन वर्षे झाली होती. 'ब'च्या संदर्भांत 'अ'चा उल्लेख नव्हता.

समस्या कशी दिसली

उशिरा उपचार सुरू झालेल्या सीटीएक्स रुग्णांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या एका गटाने संशोधकांकडे दोन्ही पेपरमधल्या रुग्णांची व्यक्तिगणिक माहिती मागितली. अशा आढाव्यात पेपरचे निष्कर्ष घेत नाहीत, प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र ओळ घेतात. विभागाच्या संशोधन समन्वयकाने तक्ता भरायला घेतला. आठ रुग्ण, आठ ओळी.

समन्वयकाचे लक्ष सर्वांत आधी एमआरआयच्या चित्राने वेधले. अनुमस्तिष्कातल्या, म्हणजे लहान मेंदूतल्या, डेंटेट केंद्रकांच्या जागी दोन्ही बाजूंना उजळ दिसणारा तो छेद 'अ'मध्ये पूर्ण छापला होता. 'ब'मध्ये तो कडेने कापलेला होता, उजेड-अंधाराचा समतोलही वेगळा होता. तरी कवटीच्या कडेची एक बारीक विषमता दोन्हीकडे सारखीच होती. सीटीएक्समध्ये डेंटेट केंद्रके उजळ दिसणे अगदी नेहमीचे असल्याने नुसत्या साम्यावरून कोणी काही म्हटले नसते. पण कवटीची विषमता आजाराची खूण नसते.

बाकी तक्त्यात मात्र दोघे वेगळे माणूस वाटत होते:

- वय: 'अ'मध्ये निदानाच्या वेळचे वय, 'ब'मध्ये तोल जायला लागला तेव्हाचे आणि शेवटच्या तपासणीचे.
- उत्परिवर्तन: 'अ'मध्ये आर३६२सी, 'ब'मध्ये पी.आर्ग३९५सिस.
- कोलेस्टॅनॉल: 'अ'मध्ये ३.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, 'ब'मध्ये ८२.३ मायक्रोमोल प्रति लिटर.
- मोतीबिंदूची शस्त्रक्रिया: 'अ'मध्ये 'बालपणी', 'ब'मध्ये नेमके वय, तेही दुसऱ्या दशकातले.
- परिणाम: 'अ'मध्ये 'स्थिर', 'ब'मध्ये 'बिघाड'.

आढावा घेणाऱ्या कोणत्याही शहाण्या माणसाने हे दोन रुग्ण म्हणूनच मोजले असते.

एकच रुग्ण हे कसे ठरवले

उत्परिवर्तनाच्या नावातला फरक आधी सोडवला, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल त्यानेच केली होती. अशा नावात आधी मूळ अमिनो आम्ल, मग प्रथिनातली त्याची जागा आणि शेवटी त्याऐवजी आलेले अमिनो आम्ल असते; आर आणि आर्ग म्हणजे आर्जिनीन, सी आणि सिस म्हणजे सिस्टीन. या एन्झाइमचे प्रथिन ५३१ अमिनो आम्लांचे बनते. त्यातली पहिली ३३ म्हणजे पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा पत्ता सांगणारी शेपटी. प्रथिन आत पोचले की ती छाटली जाते. जुन्या पेपरांत मोजणी छाटलेल्या प्रथिनापासून होत असे, आजची प्रमाण पद्धत पहिल्या अमिनो आम्लापासून मोजते. म्हणून जुन्या क्रमांकात ३३ मिळवायचे. ३६२ अधिक ३३ म्हणजे ३९५. १९९१ साली याच जनुकात प्रथम नोंदवलेले दुसरे उत्परिवर्तन आर४४६सी आज पी.आर्ग४७९सिस म्हणून ओळखले जाते, तेही याच हिशेबाने.

जुनी मोजणी ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. नावात जे मूळ अमिनो आम्ल सांगितले आहे, ते संदर्भक्रमात त्या जागी खरेच आहे का ते बघायचे. या जनुकासाठी संदर्भ-प्रत एनएम_०००७८४ घेतात. म्युटलायझर किंवा व्हेरिअंटव्हॅलिडेटर या नावे तपासणाऱ्या संगणकसाधनांत डीएनए पातळीवरचे पूर्ण नाव घातले, इथे सी.११८३सी>टी, तर प्रथिनाचे नाव तेच काढून देतात आणि मूळ अक्षर जुळत नसेल तर तसे सांगतात. 'अ'मध्ये डीएनए पातळीचे नाव दिलेलेच नव्हते. प्रयोगशाळेचा मूळ अहवाल काढून बघावा लागला. अहवालातही जुनेच नाव होते, पण शेजारी बदललेला कोडॉन, म्हणजे एका अमिनो आम्लाची तीन अक्षरी डीएनए-खूण, लिहिलेला होता आणि त्यावरून जागा पक्की झाली.

कोलेस्टॅनॉलचे गणित सरळ आहे. त्याचा रेणुभार सुमारे ३८८.७ असल्याने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला २५.७ ने गुणले की मायक्रोमोल प्रति लिटर मिळतात. ३.२ गुणिले २५.७ म्हणजे ८२.२. दशांशात आलेला फरक आकडा गोल केल्याचा. दोन वेगळ्या माणसांचे मूल्य इतके तंतोतंत जुळणे अवघड. एकाच माणसाच्या दोन वेगवेगळ्या नमुन्यांचेही ते इतके जुळत नाही. दोन्ही पेपरांनी उपचारापूर्वीचा एकच नमुना वापरला होता.

इथे एक खाचखळगा होता आणि समन्वयकाने तो वेळीच ओळखला. सीटीएक्स हा अप्रभावी वारशाचा आजार आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारा. दोन्ही प्रती बाधित असलेल्या रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला तोच आजार असण्याची शक्यता चारात एक असते. उत्परिवर्तन जुळले, केंद्रही एकच आहे, म्हणून माणूस एकच असे म्हणता येत नाही, ते भावंड असू शकते. आणि भावंड दोन पेपरांत असेल तर ती दुहेरी मोजणी नसते, ती महत्त्वाची कौटुंबिक माहिती असते. चुकून एकाला गाळले तर उलट दिशेने चूक होते. म्हणून पेपर बाजूला ठेवून मूळ नोंदी बघणे भाग होते.

त्यासाठी संस्थेच्या नीतिमत्ता समितीला कळवून मर्यादित परवानगी घेतली. दोन जणांनी एकमेकांना न विचारता आठ रुग्णांचे नोंदणी क्रमांक, एमआरआयची तारीख आणि रक्तनमुन्याची तारीख जुळवली. दोघांचे उत्तर एकच आले: 'अ'मधला रुग्ण आणि 'ब'मधला चौथा रुग्ण ही एकच व्यक्ती. रुग्णाच्या भावाची तपासणी झालेली होती, तो केवळ वाहक होता.

मोतीबिंदूच्या वयाचा घोळ कसा झाला, तेही इथेच कळले. 'अ' लिहिताना ओळख लपवण्यासाठी नेमके वय बदलून 'बालपणी' केले होते आणि निदानाचे वयही दोन वर्षांनी मागे घेतले होते. पेपरमध्ये तसे कुठेही लिहिलेले नव्हते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, आयसीएमजेई, याबाबत स्पष्ट आहे: ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले असतील तर त्याने शास्त्रीय अर्थ बिघडत नाही अशी ग्वाही लेखकांनी द्यायची आणि तसा उल्लेख पेपरमध्ये यायचा. सीटीएक्समध्ये मोतीबिंदूचे आणि निदानाचे वय यांतले अंतर म्हणजेच निदानाला झालेला उशीर. तोच आकडा मऊ केला तर शास्त्रीय अर्थ बिघडतो. वय बदलण्यापेक्षा गाव, व्यवसाय आणि तारखा गाळणे इथे पुरेसे होते.

एका रुग्णाने काय बिघडते

फार काही नाही, असे पहिल्यांदा अनेकांना वाटले. मोठ्या आजारांत ते खरेही आहे. इथे नाही.

आढाव्याचे उदाहरण घ्या. समजा, उशिरा उपचार सुरू झालेले दहा रुग्ण मिळाले, पाच स्थिर आणि पाच बिघडलेले. म्हणजे निम्म्यांचा आजार औषधाने थोपवला. त्यातला एक माणूस दोनदा आला असेल, एकदा सहा महिन्यांच्या पाठपुराव्यात 'स्थिर' म्हणून आणि एकदा तीन वर्षांनंतर 'बिघडलेला' म्हणून, तर खरा हिशेब नऊपैकी चार स्थिर असा येतो. ५० टक्क्यांचे ४४ झाले. आकडा थोडाच हलला, पण एकच माणूस औषधाच्या बाजूनेही साक्ष देत होता आणि विरुद्धही, ही गोष्ट कोणत्याही सरासरीत दिसत नाही.

दुसरा परिणाम जनुकीय बाजूचा आणि कमी बोलला जाणारा. उत्परिवर्तन रोगकारक आहे का हे ठरवण्यासाठी एसीएमजी या अमेरिकी वैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या २०१५ च्या निकषांत पीएम३ नावाचा निकष आहे. अप्रभावी आजारात ते उत्परिवर्तन किती रुग्णांत सापडले, यावर तो चालतो. हे निकष कसे वापरायचे ते सांगणाऱ्या क्लिनजेन या प्रकल्पाच्या मार्गदर्शनानुसार दोन्ही प्रतींत तेच उत्परिवर्तन असलेल्या रुग्णाला अर्धा गुण मिळतो आणि अशा रुग्णांकडून जास्तीत जास्त एक गुण घेता येतो. अर्ध्या गुणाला पुरावा 'पूरक' समजतात, एका गुणाला 'मध्यम'. म्हणजे एक रुग्ण दोनदा मोजला की पुरावा थेट एक पायरी वर चढतो. पी.आर्ग३९५सिस सारख्या, आधीच भरपूर नोंदलेल्या उत्परिवर्तनात याने काही बिघडत नाही. पण जे उत्परिवर्तन जगात एकदाच सापडले आहे, तिथे दुसऱ्या कुटुंबातला निदानाचा निर्णय या अर्ध्या गुणावर फिरू शकतो. आणि जुन्या-नव्या मोजणीमुळे नावे वेगळी दिसत असतील तर ही चूक आणखी खोल जाते.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार पर्याय मांडले गेले.

पहिला: आढावा गटाला खासगीत कळवायचे आणि तिथेच थांबायचे. सोपा, तातडीचा, आणि त्या एका आढाव्यापुरता पुरेसा. पुढचा आढावा घेणाऱ्याला मात्र काहीच कळणार नाही. दोन्ही पेपर तसेच राहतील.

दुसरा: संपादकाला पत्र लिहून ते छापायचे. यात लेखकांना आपली बाजू मोकळेपणाने मांडता येते. पण पत्र हे स्वतंत्र लेखन असते. मूळ पेपर उतरवून घेणाऱ्याच्या नजरेस ते पडेलच असे नाही.

तिसरा: दोन्ही नियतकालिकांत शुद्धिपत्र. वेळ लागतो आणि दोन संपादकांची संमती लागते. पण शुद्धिपत्र क्रमांकासह छापले गेले की पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत मूळ पेपरच्या नोंदीला ते जोडले जाते. लेखकांनी पबमेडला थेट लिहून काही होत नाही. तिथे दुवा येतो तो नियतकालिकात छापलेल्या, संदर्भ देता येईल अशा शुद्धिपत्राचाच.

चौथा: दोन्हींपैकी एक पेपर मागे घेणे. चयापचय विभागातल्या एका सहलेखकाला 'ब'वर पुनर्प्रकाशनाचा ठपका बसेल अशी धास्ती होती आणि त्यातून हा पर्याय पुढे आला. तो सर्वांत कमकुवत होता. मजकूर उचललेला नव्हता, प्रश्न वेगळे होते आणि सातपैकी एकच रुग्ण सामाईक होता. प्रकाशन-नीतिमत्तेवर मार्गदर्शन करणारी कोप ही संस्था मोठा आणि किरकोळ, अशा दोन आच्छादनांत फरक करते. मोठे असेल तर मागे घेण्याचा विचार होतो, किरकोळ असेल तर वाचकाला मूळ पेपरकडे बोट दाखवणारी सूचना पुरते. सहा नव्या रुग्णांची माहिती पुसून टाकणे म्हणजे दुर्मीळ आजारातला पुरावाच फेकून देणे झाले असते.

तिसरा पर्याय ठरला. पण आढावा गटाला लगेच कळवायचे, शुद्धिपत्राची वाट पाहायची नाही, हेही त्याच बैठकीत ठरले आणि ते योग्यच होते. शुद्धिपत्र छापून यायला महिने लागतात. तोवर आढावा छापून गेला असता.

संमतीचा पेच

इथे काम अडले आणि अडायलाच हवे होते.

'अ'मध्ये एमआरआय, तपासणी आणि लहानसा इतिहास होता. 'ब'मध्ये कुटुंबाचा वृक्ष, शस्त्रक्रियेचे वय आणि घोट्याच्या कंडरेचे छायाचित्र. प्रत्येकात ओळख पुरेशी लपलेली होती. दोन्ही एकाच व्यक्तीचे आहेत असे छापले की दोन्हींतले तपशील एकत्र जोडता येतात आणि ओळख पटण्याची शक्यता वाढते. रुग्णाने दोन्ही वेळा संमती दिली होती, पण ती वेगवेगळ्या पेपरसाठी. जोडणीसाठी कोणी विचारलेच नव्हते.

दुसरी अडचण आजाराचीच. बुद्धीवर परिणाम होऊ शकणाऱ्या आजारात तीन वर्षांपूर्वी समजून दिलेली संमती आजही तितकीच समजून दिली जाईल, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून रुग्णाची समज आधी तपासली. काय छापले आहे, त्यात काय जोडले जाणार आहे आणि जोडल्याने काय बदलते, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगितले. घरातली एक व्यक्ती सोबत होती. दोन्ही पेपर छापील स्वरूपात समोर ठेवले होते. छायाचित्र बघून रुग्णाने एकच अट घातली, कंडरेचा फोटो काढून टाका. तो आता काढता येत नाही, छापून झालेला आहे, हे सांगावे लागले. नव्या शुद्धिपत्रात तो पुन्हा येणार नाही एवढे आश्वासन देता आले आणि ते लेखी दिले. त्या अटीवर नवी संमती मिळाली.

संमती मिळाली नसती तर काय, याचाही विचार झाला होता. तेव्हा शुद्धिपत्रात 'या पेपरमधील एक रुग्ण याच लेखकांनी यापूर्वी नोंदवला आहे, माहितीसाठी पत्रव्यवहार करावा' एवढेच लिहायचे, पेपरचे नाव द्यायचे नाही, असे ठरले होते. निम्मा उपयोग, पण दुहेरी मोजणी थांबवायला तेवढेही पुरेसे.

केलेली कृती

दोन्ही संपादकांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचे पत्र गेले. एकाला आधी कळवले असते तर दुसऱ्याला ते बाहेरून कळण्याचा धोका होता, आणि दोन शुद्धिपत्रांत विसंगती येण्याचाही. पत्रासोबत एक पानी तक्ता होता: प्रत्येक तपशील 'अ'मध्ये काय, 'ब'मध्ये काय, मूळ नोंदीत काय. सबबी नव्हत्या. संपादक असे पत्र वाचताना एकच गोष्ट शोधतो, काही लपवले आहे का.

'अ'च्या पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाचा ईमेल बंद पडला होता. प्रशिक्षण संपवून ते दुसरीकडे गेले होते. संशोधकांना कायमचा ओळख क्रमांक देणाऱ्या ऑर्किडच्या नोंदीवरून ते सापडले. संस्थेचा ईमेल कधीतरी बंद पडतो, ऑर्किडचा क्रमांक माणसासोबत राहतो. सगळ्या सहलेखकांची लेखी सहमती घेतल्याशिवाय दोन्ही नियतकालिके पुढे जात नव्हती आणि वेळ सर्वांत जास्त गेला तो त्यातच.

'ब'च्या संपादकांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, हे पुनर्प्रकाशन आहे का. त्याला वर दिलेलेच उत्तर गेले. दुसरा प्रश्न बिनतोड होता: एमआरआयचा छेद 'अ'मध्ये आधी छापलेला असेल तर 'अ'च्या प्रकाशकाची परवानगी कुठे आहे? परवानगी घेतलेलीच नव्हती, कारण 'ब'चे चित्र संग्रहातून नव्याने काढले होते आणि ते आधी छापले गेले आहे हे ते काढणाऱ्याला ठाऊकच नव्हते. 'अ'च्या प्रकाशकाने मागाहून परवानगी दिली आणि चित्राखालची ओळ बदलली.

शुद्धिपत्रात काय घालायचे नाही, यावरही वाद झाला. 'अ' आणि 'ब' यांच्या मधल्या काळात रुग्णाचे औषध काही महिने बंद पडले होते. पुरवठा तुटला होता. 'ब'मध्ये हे फक्त पुरवणी तक्त्याच्या तळटीपेत होते. संशोधकांना वाटत होते की 'बिघाड' हा शब्द त्यामुळे दिशाभूल करतो, म्हणून शुद्धिपत्रात तसे लिहावे. चयापचय विभागाचे म्हणणे वेगळे होते. तोल जाण्याचा त्रास मोजणाऱ्या एसएआरए मोजपट्टीवर, जी ० ते ४० अशी असते आणि जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, रुग्णाचे गुण ११ वरून १५ वर गेले ही वस्तुस्थिती आहे. कारण काय हा अर्थ लावण्याचा भाग आहे आणि शुद्धिपत्र ही अर्थ लावण्याची जागा नाही. दुसरी बाजू मान्य झाली आणि तेच बरोबर होते. औषध बंद राहिल्याचा काळ मात्र आढावा गटाच्या तक्त्यात वेगळ्या स्तंभात तारखांसह दिला. अर्थ त्यांनी लावावा.

शेवटी दोन्हीकडे छापला गेलेला मजकूर चार-पाच ओळींचा होता: कोणता रुग्ण कोणत्या पेपरमध्ये आधी आला, उत्परिवर्तनाचे आजच्या पद्धतीचे डीएनए आणि प्रथिन पातळीचे नाव, 'अ'मधले वय ओळख लपवण्यासाठी बदलले होते ही कबुली आणि खरे अंतर वर्षांत, कोलेस्टॅनॉल दोन्ही एककांत.

निष्पत्ती

आढावा गटाने दोन ओळींची एक केली आणि शेवटचा पाठपुरावा ग्राह्य धरला. त्यांनी आपल्या बाकीच्या तक्त्यावरही तीच कसोटी लावली: एकच केंद्र, तेच उत्परिवर्तन जुन्या क्रमांकात ३३ मिळवून, आणि एकक बदलून जुळणारे कोलेस्टॅनॉल. संशयास्पद जोड्यांच्या लेखकांना त्यांनी पत्रे पाठवली.

शुद्धिपत्रे पबमेडमध्ये दोन्ही पेपरांना जोडली गेली. उत्परिवर्तनांच्या एका खुल्या संचात या रुग्णाच्या दोन नोंदी होत्या, त्या तिथल्या देखरेख करणाऱ्याने एकत्र केल्या. आधीच छापलेल्या एका जुन्या आढाव्यात रुग्ण अजूनही दोनदा आहे. त्या लेखकांना कळवले, त्यांनी पोच दिली, पण त्यांच्या नियतकालिकाने शुद्धिपत्र काढलेले नाही. निष्कर्ष बदलत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खरे असेलही. पण तक्ता उचलणारा निष्कर्ष उचलत नाही, ओळी उचलतो.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय 'ब' लिहितानाच हाताशी होता. केस रिपोर्टसाठी २०१३ साली आलेली केअर तपाससूची बहुतेक लेखक वापरतात, पण रुग्णमालिका लिहिताना 'यातला कोणी आधी छापला गेला आहे का' हा प्रश्न कुणीच कुणाला विचारला नाही. संशोधक दोन्हीकडे लेखक होते. 'ब'चा मसुदा त्यांनी वाचला होता, पण चौथ्या रुग्णाचे उत्परिवर्तन नव्या नावाने आणि कोलेस्टॅनॉल नव्या एककात असल्याने तो आपलाच रुग्ण आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही. लक्ष देऊन वाचणे हा इथे उपाय नव्हता. यादी हवी होती.

आता दोन्ही विभाग मिळून एक यादी ठेवतात आणि ती पेपरनिहाय नाही, रुग्णनिहाय आहे. प्रत्येक ओळीत आतल्या वापराचा सांकेतिक क्रमांक, कोणत्या पेपरमध्ये कोणत्या क्रमांकाने आला, पाठपुराव्याची शेवटची तारीख, उत्परिवर्तनाचे डीएनए पातळीचे नाव संदर्भ-प्रतीसह, कोणते चित्र कुठे छापले आणि संमती नेमकी कशासाठी होती, एवढे असते. नाव आणि नोंदणी क्रमांक वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये. परिषदेतले सारांशही यादीत जातात, कारण आढावा गट तेही उचलतात. नवा मसुदा पाठवण्याआधी समन्वयक यादी तपासून एका ओळीत उत्तर देतो. सामाईक रुग्ण निघाला तर तो पद्धतीच्या विभागात आणि तक्त्याखालच्या टीपेतही नोंदवायचा, कारण तक्ता बहुधा एकटाच उतरवला जातो.

संमतीपत्रातही एक वाक्य वाढवले आहे: ही माहिती पुढे छापल्या जाणाऱ्या पेपरशी जोडली जाऊ शकते, आणि तशी जोडणी रुग्ण नाकारू शकतो. फोटोसाठी वेगळी सही असते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दुसऱ्या केंद्राकडे गेलेला रुग्ण तिथल्या मालिकेत पुन्हा आला तर ही यादी ते पकडू शकत नाही. त्यासाठी केंद्रांमध्ये ओळख न उघडता जुळवता येईल असा सामाईक सांकेतिक क्रमांक लागतो, जन्मतारीख आणि नावातून गणिताने काढलेला आणि उलट न फिरवता येणारा. दोन केंद्रांशी त्यावर बोलणे सुरू आहे. अडले आहे ते नावाच्या लेखनावर: एकाच माणसाचे नाव दोन दवाखान्यांत दोन तऱ्हांनी लिहिले गेले की क्रमांकही दोन निघतात.